अलक्ष्मी जाते कुठे?

आश्विन अमावास्येच्या मध्यरात्री घरातली कर्ती बाई नव्या केरसुणीने घर झाडते, केर सुपात भरते आणि तो दाराबाहेर नेऊन टाकते. आपल्या शास्त्रकारांनी या साध्या केरकचऱ्याच्या कामाला 'अलक्ष्मीनिःसारण' असे भारदस्त नाव दिले आहे. माझ्या लहानपणी आमची आजी हा विधी मोठ्या निष्ठेने करीत असे. एकदा मी तिला विचारले, "आजी, अलक्ष्मी आपल्या घरातून गेली, ती गेली कुठे?" आजी रिकामे सूप भिंतीला लावून ठेवत म्हणाली, "गेली म्हणजे गेली! तुला कशाला हव्यात तिच्या चौकशा?"

त्या वयात हे उत्तर मला पुरले. कारण त्या काळी सुपात निघे तरी काय? धूळ, जळमटे, एखादी फुटकी पणती, फार तर चिंध्यांचा बोळा. मातीतून आलेले मातीत जाई. आजच्या दिवाळीच्या साफसफाईत काय निघते ते, वाचकहो, आपापल्या घरचा माळा डोळ्यांसमोर आणून पाहा, म्हणजे आजीला विचारलेला तो प्रश्न पुन्हा का विचारावा लागतो आहे हे ध्यानात येईल.

एका पिशवीची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या घरचा माळा आवरायला काढला. रद्दी रद्दीवाल्याकडे गेली, जुने कपडे बोहारणीकडे गेले. सगळ्याची वाट लागल्यावर एका पिशवीत उरले ते असे : गेलेल्या ट्यूबलाइटच्या दोन नळ्या, पाऱ्याचा एक थर्मामीटर, तळाशी दोन बोटे ऑइलपेंट असलेला डबा, टर्पेंटाइनची अर्धी बाटली, झुरळांवर मारायचे औषध, मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटे, मूठभर सेल, आणि तोंड न उघडणारा एक जुना मोबाइल.

मी ती पिशवी घंटागाडीकडे नेऊ लागलो, तशी सौभाग्यवतींनी आतून हाक दिली, "अहो, ते घंटागाडीत नका टाकू. मागे त्या गाडीवरच्या पोराच्या हातात नळी फुटली होती. रक्ताने हात भरला होता बिचाऱ्याचा."

गोष्ट खरी होती. ट्यूबच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. थर्मामीटरमध्ये साधारण ग्रॅमभर पारा असतो. हा पारा निसर्गात नाहीसा होत नाही. तो पाण्यात उतरतो, तिथल्या जिवाणूंमुळे त्याचे अधिक विषारी रूप होते, ते माशांत साठते आणि माशांतून माणसांत येते. जपानमधल्या मिनामाता गावी १९५६ मध्ये जो भयंकर आजार उघडकीस आला, त्याचे मूळ कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यात होते. आमच्या एका थर्मामीटरने मिनामाता होणार नाही हे मलाही कळते. पण आमच्यासारखी घरे एका महानगरात लाखांनी मोजावी लागतात.

तेव्हा ती पिशवी घेऊन मी निघालो. आम्ही राहतो त्या शहराचे नाव सांगत नाही, कारण मुंबईभोवतालच्या कोणत्याही शहरात अनुभव फारसा निराळा आला नसता. घंटागाडीवाल्याने विचारले, "ओला की सुका?" मी म्हणालो, "दोन्ही नाही." तो म्हणाला, "मग सुक्यात टाका." भंगारवाल्याने मोबाइल तेवढा हातात घेतला आणि बाकीच्याकडे पाहून नाक मुरडले. औषधांच्या दुकानदाराने गोळ्या परत घ्यायला नम्रपणे नकार दिला. प्रभाग कार्यालयातले गृहस्थ मात्र सज्जन निघाले. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता ते नियमात आहे. पण केंद्र आपल्याकडे अजून झालेले नाही. पलीकडच्या शहरात विचारून बघा."

पलीकडच्या शहरात विचारले. तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न केला, "तुम्ही राहता कुठे?" मी सांगितले. "मग तुमच्या हद्दीतला कचरा आम्ही कसा घेणार?"

त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. उद्या सगळे शहर पिशव्या घेऊन दारात उभे राहिले तर त्यांनी काय करावे? परंतु परतीच्या लोकलमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो असता माझ्या मनात आले की, विषाला हद्द नसते आणि कचेरीला हद्द असते, हीच सारी अडचण आहे.

सभ्य गृहस्थांनी नियम म्हटले, ते खरोखरच आहेत. घनकचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली जे नियम केले, त्यांत 'घरगुती घातक कचरा' असा निराळा प्रकार सांगितला. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, नळ्या, सेल, मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे थर्मामीटर, सुया हे सारे त्यात आले. दर वीस चौरस किलोमीटरला असा कचरा ठेवून घेणारे एक केंद्र नगरपालिकेने उघडावे, असेही त्यात लिहिले होते. आपल्या घराच्या आसपास असे केंद्र कुठे आहे हे ज्या वाचकाला ठाऊक असेल, त्याचे मी मनापासून अभिनंदन करतो.

वालधुनीला पाट्या वाचता येत नाहीत

घरातल्या पिशवीचे हे असे. कारखान्यांतून निघणाऱ्या टँकरचे काय, ते पाहायचे असेल तर वालधुनी नदीकाठी जावे.

काकोळ्याच्या डोंगरांत ही लहानशी नदी उगम पावते. अंबरनाथला शिलाहारांच्या काळातले जे देखणे शिवमंदिर आहे, त्याला लागूनच ती वाहते. मंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. त्या शिल्पकारांनी देवासाठी ही जागा निवडली, तेव्हा पाणी पाहूनच निवडली असणार. मंदिर ओलांडून नदी उल्हासनगरात शिरते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी शून्यातून उभे केलेले हे शहर. तिथून ती कल्याणला जाते आणि उल्हास नदीला मिळते. प्रवास जेमतेम तीसएक किलोमीटरचा. पण तेवढ्यात अंबरनाथची नगरपरिषद, उल्हासनगरची महानगरपालिका आणि कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका अशा तीन राज्यांतून तिला जावे लागते. वाटेत औद्योगिक वसाहतीही लागतात, त्यांचा कारभार आणखी वेगळा.

प्रत्येक हद्दीवर 'आपले स्वागत आहे' अशी पाटी आहे आणि उलट्या बाजूला 'पुन्हा या' असे लिहिले आहे. नदी मात्र वरच्या गावाने जे दिले ते खालच्या गावाला निमूटपणे पोचते करते.

नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस एका रात्री या वालधुनीत टँकरमधून रसायन सोडले गेले. त्याचा वायू उल्हासनगरच्या काठावरच्या वस्तीत पसरला. झोपेतून उठलेल्या माणसांना श्वास घेता येईना, डोळ्यांची आग होऊ लागली, आणि शेकडो लोकांना इस्पितळांत न्यावे लागले. जिथे नळी उघडली गेली त्या जागेचा आणि जिथे माणसे खोकत उठली त्या वस्तीचा काही संबंध नव्हता. मधे फक्त एक नदी होती. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. २०१५ मध्ये लवादाने काठच्या नगरसंस्था आणि सांडपाण्याची सामायिक केंद्रे यांना मिळून एकूण ९५ कोटींचा दंड सुनावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयांनी जे सांगितले त्याचे सार एका वाक्यात असे की, नदी एक आहे, तर जबाबदारीही एकत्र घ्या.

सामायिक चूल

आता कोणी म्हणेल, प्रत्येक शहराने आपापल्या विषाची सोय आपापल्या घरी करावी, म्हणजे भांडण नको. ऐकायला हे फार न्यायाचे वाटते. पण व्यवहारात ते बसत नाही. का, ते थोडक्यात सांगतो.

घातक कचरा जाळायचा म्हणजे शेकोटी पेटवायची नव्हे. भट्टीत प्रचंड उष्णता सतत ठेवावी लागते. निघालेला धूर दुसऱ्या कोठडीत आणखी तापवावा लागतो. तो धुवावा, गाळावा आणि सतत मोजावा लागतो. उष्णता कमी पडली तर एका विषाची दहा विषे होतात. जे जळत नाही ते पुरायचे; पण तेही खड्ड्यात लोटून भागत नाही. खाली चिकणमातीचा दाबलेला थर, त्यावर जाड प्लास्टिकची चादर, पुन्हा असाच एक पदर, त्यामध्ये झिरपणारे पाणी ओढून घेणाऱ्या नळ्या, आणि भोवताली विहिरी खणून वर्षानुवर्षे त्यांचे पाणी तपासत राहायचे. कोणत्या पिंपात काय आहे हे ओळखणारी प्रयोगशाळा हवी, रसायनशास्त्र शिकलेली माणसे हवीत. एवढा संसार एखाद्या मध्यम शहराने एकट्याने मांडला तर त्याचे दिवाळे निघेल. आणि भट्टीला पुरेसा माल न मिळाल्यामुळे ती धड तापणारही नाही.

पूर्वी लग्नकार्याला लागणारी मोठी पातेली, झारे, सतरंज्या आळीच्या मंडळाकडे सामायिक असत. वर्षातून एकदा लागणारे पातेले दर घराने विकत घेतले नाही, आणि त्यावाचून कोणाचे कार्यही अडले नाही. तसाच हा प्रकार आहे.

आपल्या राज्यात कारखान्यांच्या कचऱ्यासाठी अशा सामायिक चुली मांडल्या गेल्या आहेत. मुंबई-ठाण्याच्या बाजूला तळोजे, पुण्याजवळ रांजणगाव, नागपूरजवळ बुटीबोरी. दवाखान्यांच्या कचऱ्याचीही तीच तऱ्हा. रक्त लागलेला कापूस, सुया, सलाइनच्या नळ्या निरनिराळ्या रंगांच्या पिशव्यांत जातात. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामायिक केंद्र असेल, तर इस्पितळाने स्वतःची भट्टी लावू नये, असे २०१६ चे नियम सांगतात. आणि कचरा अठ्ठेचाळीस तासांहून अधिक पडून राहता कामा नये अशीही अट आहे. म्हणजे चार गावांनी मिळून एक चूल पेटवावी ही कल्पना आपल्याला परकी नाही. डॉक्टरांना ती जमली. मग आमच्या पिशवीनेच काय पाप केले?

सात रंगांची चिठ्ठी

चूल झाली, तरी तिथवर माल पोचला पाहिजे. त्यासाठी कायद्याने एक मोठी सुरेख युक्ती योजली आहे. घातक कचरा ज्या गाडीतून निघतो, तिच्यासोबत सात प्रतींची चिठ्ठी असावी लागते आणि प्रत्येक प्रतीचा रंग वेगळा. पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. पिवळी, गाडीवाल्याची सही घेऊन, पाठवणाऱ्याकडे राहते. गुलाबी पोचलेल्या ठिकाणी राहते, नारिंगी गाडीवाल्याला मिळते. माल मिळाल्यावर तिथून हिरवी पुन्हा मंडळाकडे आणि निळी पाठवणाऱ्याकडे परत येते. माल दुसऱ्या राज्यात गेला असेल तर करडी प्रत पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाला. निळी चिठ्ठी घरी आली नाही, की समजावे वाटेत काहीतरी घोटाळा आहे. सासरी गेलेल्या लेकीचे पोचल्याचे पत्र येईपर्यंत आई घोर लावून बसते ना, तसेच हे.

पण चिठ्ठी लिहायची तर पैसे मोजावे लागतात. नीट जाळणे, नीट पुरणे महाग असते. रात्री दोन वाजता एखाद्या नाल्याच्या पुलावर टँकर उभा करून नळ उघडणे अगदी स्वस्त.

हा स्वस्ताईचा सौदा किती महागात पडतो, ते ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतेला दिसले. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात होते. नाल्यात आधीच आम्लाचे पाणी असले तर अशा रसायनातून विषारी वायू उसळतो. शेजारच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यातले कामगार रात्रपाळीला होते. सहा माणसे गेली, वीसहून अधिक इस्पितळात पडली. पोलिसांच्या तपासात पुढे आले की ते रसायन आपल्या तळोज्याहून आलेले होते.

तळोज्याहून! जिथे राज्यातल्या मोठ्या सामायिक केंद्रांपैकी एक केंद्र आहे, त्याच औद्योगिक पट्ट्यातून निघालेला माल अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर, परराज्यात, एका नाल्यात ओतला गेला. आणि ज्यांनी ते रसायन कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा सहा कामगारांनी त्याची किंमत दिली. ही बातमी वाचल्यापासून माझ्या मनातून एक गोष्ट जात नाही. आपण म्हणतो, "आमच्या शहरात नको." नकोच. पण 'आमच्या शहरात नको' याचा अर्थ 'कोणाच्या तरी शहरात' असा होतो, आणि त्या शहरातही आपल्यासारखीच माणसे रात्रपाळीला जात असतात.

भोपाळचे पिंप चाळीस वर्षे दारात

'आमच्याकडे नको' ही वृत्ती किती काळ चालू शकते, याचे उदाहरण भोपाळने दिले. १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री काय घडले हे सांगण्याची गरज नाही. वायू वाऱ्यावर गेला. कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा मात्र तिथेच राहिला. तो हलवायचा म्हटल्यावर प्रत्येक गावाने दार लावून घेतले. गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचे ठरत होते, गुजरातने नकार दिला. मग न्यायालयाच्या आदेशाने २०११ मध्ये नागपूरजवळच्या संरक्षण खात्याच्या भट्टीचे नाव निघाले. विदर्भातून विरोध झाला आणि महाराष्ट्राने नाही म्हटले. तळोज्याचेही नाव निघाले होते. २०१२ मध्ये तर विमानाने जर्मनीला, हॅम्बर्गला, पाठवण्याचा घाट घातला गेला. तिथल्या लोकांनी ओरड केली आणि तो बेतही बारगळला.

अखेर न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घातल्यावर, २०२५ च्या पहिल्याच रात्री बारा बंदिस्त गाड्या सुमारे ३३७ टन कचरा घेऊन भोपाळहून निघाल्या आणि अडीचशे किलोमीटरवरच्या पीथमपूरला पोचल्या. पीथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. निदर्शनांत दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. नंतर न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी थोडा थोडा कचरा जाळून पाहिला गेला, धूर मोजला गेला, आणि जून २०२५ च्या अखेरीस तो सगळा जाळून झाला. राख मात्र पुरावी लागतेच.

पीथमपूरच्या लोकांना मी दोष देणार नाही. त्यांना आधी कोणी विश्वासात घेतले होते? चाळीस वर्षे एका शहराच्या उशाशी पडलेली वस्तू एका रात्रीत पोलीस बंदोबस्तात दुसऱ्या शहराच्या दारात आली, तर माणसे घाबरणारच. नागपूरकर घाबरले, हॅम्बर्गकर घाबरले, मग पीथमपूरकरांनी का घाबरू नये? पण चाळीस वर्षे सगळ्यांनी नकार दिल्याने भोपाळच्या गरीब वस्तीला काय मिळाले, हाही प्रश्न तितकाच खरा आहे. आपण महाराष्ट्राने जेव्हा नाही म्हटले, तेव्हा मलाही बरे वाटले होते. आज वाटते, नाही म्हणण्याच्या आधी एकदा सगळ्यांनी एका पंगतीला बसून बोलायला हवे होते.

सिॲटलची फिरती गाडी

मग हे कुठे जमले आहे का? जमले आहे, आणि ज्यांना जमले तेही पूर्वी आपल्यासारखेच होते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात नायगारा फॉल्स शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाचा एक अर्धवट कालवा होता. नावात प्रेम असले, तरी १९४२ ते १९५३ या काळात त्यात एका रसायन कंपनीने सुमारे एकवीस हजार टन कचरा पुरला, वर माती लोटली आणि १९५३ साली ती जमीन अवघ्या एका डॉलरला शाळामंडळाला विकून टाकली! वर शाळा झाली, भोवती घरे झाली. पंचवीस वर्षांनी तळघरांतून काळे पाणी झिरपू लागले, मुले आजारी पडू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांना तिथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. त्या धक्क्याने तो देश जागा झाला.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या बाजूला, वॉशिंग्टन राज्यात किंग काउंटी नावाचा जिल्हा आहे. सिॲटल त्यातले सर्वांत मोठे शहर. जिल्ह्यात एकूण ३९ शहरे, आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती साडेबावीस लाखांच्या वर. एकोणचाळीस शहरे म्हणजे एकोणचाळीस महापौर; त्यांचे एकमत होणे म्हणजे काय प्रकार, हे आपल्याला सांगायला नको. तरी १९९० च्या सुमारास सिॲटल, जिल्हा प्रशासन, आरोग्य खाते आणि बाकीची उपनगरी शहरे यांनी मिळून घातक कचऱ्याची एकच योजना मान्य केली. प्रत्येक शहराने आपापले दुकान मांडले नाही. एक समिती केली. तिच्यात जिल्ह्याची खाती बसली, सिॲटल बसले आणि लहान शहरांच्या संघाचाही माणूस बसला. मोठ्या भावाने सगळे ठरवायचे आणि धाकट्यांनी माना डोलवायच्या, असे ठेवले नाही.

पैसा कुठून आणला? घराघराच्या कचऱ्याच्या आणि सांडपाण्याच्या बिलात थोडी थोडी रक्कम घातली. त्यामुळे डबा घेऊन आलेल्या गृहस्थाकडून दारात वेगळे पैसे मागावे लागत नाहीत. कारण पैसे मागितले की माणूस डबा घेऊन मागच्या गटाराकडे वळतो, हा मनुष्यस्वभाव त्यांनी बरोबर ओळखला. कायमची केंद्रे उघडली, आणि ज्यांना तिथवर येणे होत नाही त्यांच्यासाठी एक फिरती गाडी काढली. ती आज या गावात, पुढच्या आठवड्यात त्या गावात जाऊन उभी राहते. लोक रंग, कीटकनाशके, नळ्या आणून देतात. तुम्ही कोणत्या शहरात राहता, असा प्रश्न तिथे आड येत नाही. किंग काउंटीत राहता ना, मग झाले.

मला याहूनही आवडली ती आणखी एक गोष्ट. त्यांची माणसे नुसता कचरा गोळा करून थांबत नाहीत. लहान दुकानदारांकडे जातात. कपडे ड्रायक्लीन करणारी दुकाने एक घातक द्रव वापरीत. त्यांना दम भरण्याऐवजी योजनेने पाण्याने धुण्याची नवी यंत्रे घ्यायला मदत दिली. विष गोळा करण्यापेक्षा ते घरात येऊच न देणे बरे, हे शहाणपण आपल्या आजीबाईंनाही पटले असते.

आपल्याकडे काय करता येईल?

मुंबई महानगर प्रदेशात आज नऊ महानगरपालिका आहेत : मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. शिवाय अंबरनाथ, बदलापूरसारख्या नगरपरिषदा. या सर्वांची माणसे एकाच लोकलमध्ये लटकतात, एकाच खाडीचा वास घेतात आणि एकमेकांकडे सोयरिकी करतात. त्यांना जोडणारी लोकल एक, मग त्यांच्या घरातले विष गोळा करणारी गाडी एक का असू नये?

आरंभ झालेलाच नाही असे नाही. मुंबई महानगरपालिकेने २०२५ साली सॅनिटरी पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधे असा विशेष काळजीचा कचरा निराळा उचलण्याची सेवा सुरू केली. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांच्यासाठी बदलापूरजवळ घनकचऱ्याचा सामायिक प्रकल्प आखला गेला. पन्नास किलोमीटरच्या आतल्या शहरांनी खर्च वाटून घेऊन सामायिक भरावभूमी करावी, हे तर २०१६ च्या नियमांतच सुचवले होते. दिशा सापडली आहे, पाऊल तेवढे उचलायचे आहे.

माझ्यासारख्या सामान्य माणसाला विचाराल तर तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, सर्व शहरांची मिळून एक फिरती गाडी. महिन्यातून एक रविवार आपल्या विभागात, आणि पत्ता न विचारता पिशवी घेणारी. दुसरी, ज्या गावाच्या शेजारी सामायिक केंद्र आहे त्या गावाला मान. तळोज्याच्या आसपासचे लोक आपल्या सर्वांच्या वतीने तो भार सोसतात. केंद्राच्या समितीवर त्यांची माणसे हवीत, धुराचे आणि विहिरींच्या पाण्याचे आकडे त्यांच्या चावडीवर मराठीत लागले पाहिजेत, आणि बाकीच्या शहरांनी दिलेल्या पैशातला वाटा त्यांच्या दवाखान्याला, त्यांच्या नळाला मिळाला पाहिजे. पंगतीत वाढणाऱ्याला शेवटी उपाशी ठेवायचे नसते. तिसरी, रात्रीच्या टँकरवर सगळ्या शहरांची एकत्र नजर. कल्याणच्या हद्दीतून सुटलेला टँकर उल्हासनगरच्या हद्दीत जाऊन निर्धास्त होतो, हे बंद व्हायला हवे.

आणि घरात? आमच्या इमारतीत यंदा जिन्याखाली एक झाकणाचा डबा ठेवला आहे. चिटणीसांनी वर लाल अक्षरांत लिहिले, 'घंटागाडीत टाकू नये असे'. नळ्या, सेल आणि मोबाइल ई-कचरा घेणाऱ्या परवानेवाल्या गृहस्थांनी येऊन नेले. माझी निम्मी पिशवी तशी मार्गी लागली. रंग, औषधे आणि तो थर्मामीटर अजून डब्यात बंद आहेत, पोरांच्या हाताला लागणार नाहीत असे. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी या वेळी थर्मामीटर घेतला तो बिनपाऱ्याचा. आमच्याकडे रंगकाम काढले तेव्हा सौ.ने भिंती मोजून रंग आणायला लावला. डबा पुसून संपला, माळ्यावर गेला नाही.

गोष्टी लहान आहेत. पण येत्या महिन्यात आमच्या आळीतली पंधरावीस मंडळी सह्यांचा एक अर्ज घेऊन आमच्या नगरसेवकाकडे जाणार आहेत, आणि तसाच एक अर्ज नदीपलीकडच्या शहरातल्या एका मंडळाने आपल्या नगरसेवकाला द्यायचे कबूल केले आहे. दोन्ही अर्जांतला मजकूर एकच आहे. गाडी कोणत्या शहराच्या नावावर असावी, याबद्दल आमचा काही आग्रह नाही. ती यावी, एवढेच म्हणणे आहे.